सातातले तीन दिवस

आमच्या समोरच्या दारात राहणारी बाई एकोणीस वर्षं औषधांच्या एकाच दुकानात काउंटरवर उभी होती. उभी म्हणजे खरोखरच उभी. बसायला स्टूल होतं, पण त्यावर तिनं बूड टेकल्याचं कुणी पाहिलं नाही. त्यावर कायम रिकामी खोकी. दुकानाला शिकलेले, परवाना असलेले मालक होते, त्यांचं प्रमाणपत्र काचेत घालून भिंतीवर लावलेलं होतं, पण ते बहुतेक वेळ आतल्या खोलीत असायचे. बाहेरचा सगळा कारभार हिचा. डॉक्टरांनी खरडलेली चिठ्ठी, जी खुद्द डॉक्टरांनाही दुसऱ्यांदा वाचता आली नसती, ती ही एका नजरेत वाचायची. कुठलं औषध कितव्या फळीवर, कुठल्या गोळीनं तोंड कोरडं पडतं, कुठलं औषध मुलं थुंकतात, सगळं तोंडपाठ.

गल्लीनं तिचं नाव 'अर्धी डॉक्टर' ठेवलं होतं. आधी चेष्टेनं, मग चेष्टा विसरून. तिलाही ते आवडायचं. "अर्धी काय म्हणता," ती हसून म्हणायची, "पाऊण तरी म्हणा!"

घरात धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची साडेचार वर्षांची मुलगी. भाऊ लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. भावजय एका मोठ्या लाँड्रीत चादरी इस्त्री करायच्या यंत्रावर होती. मुलगी एका जागी ठरायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. आणि भिंगरी आत्या म्हणायची म्हणून आमचा सगळा मजलाच त्या बाईला आत्या म्हणायचा. मीही तसंच म्हणते.

आता मी साव असल्यासारखी सांगत बसले तर ते बरं नाही. माझ्या मुलीला सर्दी झाली की मी डॉक्टरकडे जायच्याऐवजी समोरचं दार वाजवायची. आत्या विचारायची, "खोकला कोरडा की ओला?" आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून बाटली यायची. आमच्या मजल्यावर हे केलं नाही असं एकही घर नव्हतं. चिठ्ठीशिवाय जी बाटली द्यायची नसते तीही यायची. घरचीच माणसं, त्यात काय, असं तीही म्हणायची आणि आम्हीही. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली ती एकटीच नव्हती. हळकुंड उगाळून द्यायला आम्ही होतो.

एका सोमवारी सकाळी भिंगरी बालवाडीला जायला तयार होईना. उजव्या कानावर हात धरून बसली. चार दिवस सर्दी होतीच, आता कान दुखायला लागला. अंग जरासं कोमट होतं. भावजय म्हणाली, "ताई, आज मी सुट्टी घेते. हिला डॉक्टरांना दाखवून आणते."

"कशाला?" आत्या म्हणाली. "दोन तास रांगेत बसशील आणि शेवटी तेच औषध लिहून देतील. मी आहे ना."

भावजयीला ते पटलं असं नाही. पण नणंद मोठी, एकोणीस वर्षं त्याच कामात, आणि खरंच त्या दिवशी सुट्टी मिळणं अवघड होतं. ती कामावर गेली.

दुपारी जेवायला घरी येताना आत्यानं बाटली आणली. मुलांना देतात ती, पावडरची. पाणी उकळून गार केलं, बाटलीवरच्या खुणेपर्यंत घातलं, हलवलं. मुलीचं वजन किती, हे काही बघितलं नाही. चार-साडेचार वर्षं म्हणजे एवढं, असं मनाशी ठरवलं आणि चमच्यानं दिलं. सोबत दुखणं कमी करायचं औषध. संध्याकाळी भिंगरी जिन्यात माझ्या मुलीशी शिवाशिवी खेळत होती.

"बघितलंस?" आत्या भावजयीला म्हणाली. "रांगेत बसली असतीस नुसती."

बुधवारपर्यंत कान, ताप, रडणं, सगळं गेलं. गुरुवारी आत्यानं बाटली बंद केली. औषध सात दिवसांचं होतं. एकोणीस वर्षं काउंटरवरून ती लोकांना बजावत आली होती, बरं वाटलं तरी बाटली पुरी करायची बरं का, मधे सोडायची नाही. पण घरच्या मुलीच्या बाबतीत तिला वाटलं, खेळतेय, जेवतेय, उगाच कशाला पोटात औषध ओतायचं. उरलेली बाटली तिनं फ्रिजच्या दारात ठेवली, दुधाच्या पिशवीशेजारी.

मग बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी तोच कान पुन्हा दुखायला लागला.

या वेळी आत्यानं फ्रिज उघडला. बाटली होतीच. तिच्यावर छापलेलं होतं, पाणी मिसळल्यावर सात दिवसांत वापरा. ही ओळ आत्याला वाचावी लागत नव्हती. ती ओळ ती गिऱ्हाइकांना बोट ठेवून दाखवत असे. तिनं बाटली हलवली, झाकण उघडून वास घेतला. वास तसाच होता. "फ्रिजमध्ये तर होती," ती मनाशी म्हणाली.

भावजयीनं स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, "ताई, ही बाटली कुठली?"

"कानाचं औषध आहे गं," आत्या म्हणाली.

हे उत्तर खोटं नव्हतं. पुढे तिनं मला सांगितलं की तिला सगळ्यात जास्त त्या उत्तराची लाज वाटते. खोटं बोललेलं माणूस निदान आपण खोटं बोललो हे जाणतं. "मी खरं बोलून फसवलं," ती म्हणाली.

दोन दिवस ती बाटली दिली. मुलीला उतार नव्हता. उलट तिसऱ्या दिवशी सकाळी अंग तापलेलं, डोकं उशीवर टेकवू देईना, दूध प्यायला तोंड उघडलं की रडायची. आत्यानं उरलेली बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. बाटली गुंडाळायची गरज काही नव्हती. हातांना आधीच कळलं होतं म्हणायचं.

भावजयीनं कुणाला विचारलं नाही. लाँड्रीत फोन केला, मुलीला शाल गुंडाळली आणि म्हणाली, "ताई, तुम्हीही चला. डॉक्टर काय बोलतात ते तुम्हाला जास्त कळेल."

मुलांच्या डॉक्टर म्हणजे पन्नाशीच्या, चष्मा साखळीला लावलेल्या बाई. त्यांचा दवाखाना दुकानापासून दोन गल्ल्या सोडून. त्यांच्या चिठ्ठ्या रोज आत्याच्या हातून जायच्या, त्यामुळे दोघी एकमेकींना चांगल्या ओळखत. आणि इथंच एक गोष्ट सांगायला हवी. सहा महिन्यांपूर्वी या डॉक्टर स्वतः दुकानात आल्या होत्या. आसपासची दुकानं चिठ्ठी न बघता मुलांना अँटिबायोटिक देतात, मग आमच्याकडे आलेल्या मुलांना साधं औषध लागू पडत नाही, असं त्या मालकांना जरा रागानंच सांगत होत्या. तेव्हा आत्या काउंटरवरून म्हणाली होती, "आमच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय एक बाटली जात नाही, डॉक्टर." डॉक्टर थांबल्या होत्या, तिच्याकडे बघून म्हणाल्या होत्या, "तुमच्यासारखी चार माणसं असती तर माझं अर्धं काम झालं असतं." आत्यानं ते वाक्य मला दोनदा सांगितलं होतं. आपल्या भावालाही सांगितलं होतं. भावानं ते सगळ्या लिफ्टवाल्यांना सांगितलं असणार.

त्याच डॉक्टरांनी आता भिंगरीच्या कानात दिव्याची नळी घालून पाहिलं. पडदा लाल होता, फुगून बाहेर आला होता, मागे पू साठलेला. त्यांनी मुलीचं वजन केलं, घसा पाहिला, आणि लिहायला पेन उचलून विचारलं, "गेल्या महिन्याभरात हिला कुठलं अँटिबायोटिक दिलंय का?"

भावजयीनं आत्याकडे पाहिलं.

"नाही," आत्या म्हणाली. "तापाचं औषध तेवढं दिलं."

"नक्की ना? दिलं असेल तर मला दुसरं लिहावं लागेल, म्हणून विचारते."

एवढं सोपं करून दिलं होतं डॉक्टरांनी. दार उघडून बाजूला उभं राहावं तसं. आत्यानं मला सांगितलं, त्या क्षणी तिला मुलगी दिसली नाही, कान दिसला नाही. काउंटरवर उभी राहून 'एक बाटली जात नाही' म्हणणारी स्वतःच फक्त दिसली.

"नक्की," ती म्हणाली. आणि कानावर हात ठेवून मोकळी झाली.

डॉक्टरांनी नेहमीचं, पहिल्यांदा देतात ते औषध लिहिलं. वजनाप्रमाणे मोजून, सात दिवसांचं. "आणि हे बघा," त्या भावजयीला म्हणाल्या, "दोन दिवसांत उतार पडला नाही, किंवा कानामागे सूज आली, कान पुढे आल्यासारखा वाटला, तर वाट बघायची नाही. सरळ यायचं."

चिठ्ठी घेऊन आत्या दुकानात गेली. त्याच फळीवरून, त्याच खोक्यातून तेच औषध काढलं. या वेळी चिठ्ठी होती, शिक्का होता, सगळं नियमाप्रमाणे. मनाची समजूत घातली, मागच्या वेळी डोस कमी पडला असेल, आता पुरा आहे, लागू पडेल. तिला डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचता यायच्या. स्वतःची समजूत वाचता येत नव्हती.

दोन दिवस वेळेवर औषध गेलं. आत्या दर तासाला मुलीच्या कपाळाला हात लावायची, इतकी की भिंगरी वैतागून म्हणाली, "आत्या, तुझा हात गार आहे, नको ना." ताप उतरायचा, चढायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी भावजय मुलीचे केस विंचरत होती. कंगवा कानाजवळ गेला आणि मुलगी किंचाळली. भावजयीनं केस बाजूला केले. कानामागे लाल, टणक सूज. आणि कान पुढे ढकलल्यासारखा, खाली झुकलेला, दुसऱ्या कानाशी जुळेना.

त्यांच्या घरातून तेव्हा जो आवाज आला तो मी शिलाईच्या मशीनवर बसून ऐकला. मी दार उघडलं तर भाऊ मुलीला उचलून जिना उतरत होता, मागे भावजय अनवाणी. आत्या चपला हातात घेऊन तिच्या मागे धावत होती, "अगं, घाल, अगं, पायात घाल."

मुलांच्या डॉक्टरांनी बघितलं आणि लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथं कानाच्या विभागात एक तरुण डॉक्टर होता, डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली, पण हात मऊ. त्यानं कागद भरायला घेतला. कधीपासून दुखतंय, ताप किती, आधी कधी झालं होतं का. मग तोच प्रश्न. सध्याच्या औषधाआधी काही अँटिबायोटिक?

उत्तर भावानं दिलं. "नाही, नाही, डॉक्टर. तसलं आमच्या घरात होत नाही. माझी बहीण औषधाच्या दुकानात आहे, एकोणीस वर्षं. चिठ्ठीशिवाय ती तापाचीसुद्धा गोळी देणार नाही कुणाला."

बहिणीच्या कौतुकानं त्याचा आवाज भरून आला होता, तेही अशा वेळी. तो तिचा लहानपणापासूनचा भक्त. शाळेत कुणी मारलं तर बहिणीला सांगेन म्हणायचा, आईला नाही.

भिंत मधून फाटावी आणि आपण आत जावं, असं आत्याला वाटलं. पण रुग्णालयाच्या भिंती चांगल्या पक्क्या होत्या.

"मी दिलंय," ती म्हणाली.

कुणाला नीट ऐकू गेलं नाही. डॉक्टरनं मान वर केली. "काय म्हणालात?"

"मी दिलंय. हेच औषध. तीन आठवड्यांपूर्वी, तीन दिवस. बरी झाली म्हणून बंद केलं. मग परत दुखलं तेव्हा तीच उरलेली बाटली दोन दिवस. तेव्हा त्या बाटलीत पाणी मिसळून दोन आठवडे झाले होते. डोस अंदाजानं. त्या डॉक्टरांनी मला विचारलं होतं, दोनदा विचारलं, मी नाही म्हटलं."

सगळं एका दमात, चिठ्ठी वाचून दाखवावी तसं. तरुण डॉक्टरनं लिहिलेलं खोडलं, नवीन लिहिलं, आणि नर्सला हाक मारून इंजेक्शनचं नाव बदलून सांगितलं. तेवढंच. रागावला असता तर बरं झालं असतं, आत्या म्हणते.

भाऊ खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. भावजय मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. तिथूनच ती म्हणाली, आणि आवाज चढवून नाही, "ताई, मी तुम्हाला विचारलं होतं. बाटली कुठली म्हणून."

"हो."

"दवाखान्यात तुम्ही नाही म्हणालात, तेव्हा मला वाटलं, ते औषध त्यातलं नसेल. मला काय कळतंय, असं वाटलं मला."

आत्याला माफी मागायची होती. पण ज्या बाईला आपण तिच्या स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास ठेवायला लावला, तिची माफी कोणत्या तोंडानं मागायची?

त्या दिवशीच दुपारी भिंगरीला भूल देऊन कानाच्या पडद्याला बारीक छेद दिला, पू काढला, आत एक इवलीशी नळी बसवली. कानामागचं हाड कोरावं लागेल की काय, अशी टांगती तलवार दोन दिवस होती. इंजेक्शनं शिरेतून चालली. तिसऱ्या दिवशी सूज ओसरायला लागली, हाड वाचलं. तपासणीला गेलेल्या पुवाचा निकाल आला: त्यातले जंतू आधीच्या औषधाला अजिबात दाद देत नव्हते. सातव्या दिवशी मुलगी घरी आली.

पण घरी आलेली भिंगरी जरा वेगळी होती. हाक मारली तर लगेच बघायची नाही. "आँ?" म्हणायची. डावी बाजू पुढे करून ऐकायची, म्हाताऱ्या माणसासारखी. जिन्यात माझी मुलगी मागून ओरडली, "राज्य तुझ्यावर!" आणि ती उभीच राहिली. कानात अजून पाणी आहे, बहुतेक महिन्या-दोन महिन्यांत ओसरेल, असं डॉक्टर म्हणाले होते. बहुतेक. आत्यानं या शब्दावर किती दिवस काढले, ते तिचं तिलाच माहीत. भिंगरीनं एकदा "आँ?" म्हटलं की आत्या ताटावरून उठायची.

घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर एकदाचं झालं असतं. भावजयीनं फक्त औषधांचा डबा आपल्या कपाटात ठेवला. भाऊ पूर्वीसारखाच बोलायचा, पण तिच्याबद्दल दुसऱ्यांशी बोलेनासा झाला. आणि आमच्या मजल्यानं काय केलं? काहीच नाही. दारं वाजायची बंद झाली. मीही गेले नाही. मला वाटलं, तिला अवघडल्यासारखं होईल. खरं सांगायचं तर मला माझ्या मुलीच्या बाटल्या आठवत होत्या, आणि माझी मुलगी धडधाकट होती, हा निव्वळ नशिबाचा भाग होता हे मला त्या बाईच्या तोंडाकडे बघून मान्य करायचं नव्हतं.

मुलगी घरी आल्यावर चौथ्या दिवशी आत्या मुलांच्या डॉक्टरांकडे गेली. पेशंटसारखी रांगेत बसली, नंबर आल्यावर आत गेली.

"मला कळलंय," डॉक्टर म्हणाल्या. रुग्णालयातून त्यांना कागद आला होता. "बसा."

आत्या बसली नाही. "माझ्यामुळे झालं का हे, डॉक्टर? सरळ सांगा."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुमच्यामुळेच झालं असं मी सांगू शकत नाही. सगळं नीट करूनही एखाद्या मुलाला असं होतं. आणि तुमच्यामुळे झालं नाही असंही मी सांगणार नाही. तुम्ही हो म्हणाला असता तर मी दुसरं औषध लिहिलं असतं. कदाचित तिथंच थांबलं असतं. कदाचित नाही."

"आणि पहिल्या वेळी? तेव्हा मी सातही दिवस दिलं असतं तर?"

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा लावला. "पहिल्या वेळी ताप किती होता?"

"अंग जरा कोमट."

"एकच कान? दुखणं थांबून खेळत होती?"

"त्याच संध्याकाळी."

"मग पहिल्या वेळी मी कदाचित बाटली दिलीच नसती. या वयाच्या मुलाचा एक कान, थोडा ताप, एवढंच असेल तर दुखण्याचं औषध देऊन दोन-तीन दिवस नजर ठेवतो आम्ही. पुष्कळ मुलांचा कान आपोआप बरा होतो."

आत्याला वाटलं होतं, आपली चूक म्हणजे चार दिवसांचं औषध चुकवलं, शिळं पाजलं आणि खोटं बोललो. ज्या तीन दिवसांचा तिला अभिमान होता, 'रांगेत बसली असतीस नुसती' म्हणून जे मिरवलं होतं, ते तीन दिवसही बहुधा फुकटच दिले होते, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. ती उठून... म्हणजे उभीच होती, ती वळली. दारात डॉक्टर म्हणाल्या, "एक माझंही आहे. तुम्ही दुकानातल्या म्हणून मी तुमच्या शब्दावर गेले. आईकडे वळून विचारायला हवं होतं."

हे ऐकून आत्याला हलकं वाटायला हवं होतं. तिला उलट वाटलं, आपल्या पापात आता चांगल्या माणसांनाही वाटेकरी व्हावं लागतंय.

दुकानात तिनं मालकांना सगळं सांगितलं. मालकांना रागावता येईना, कारण त्या बाटल्या बाहेर जात होत्या हे त्यांना काही अगदीच माहीत नव्हतं असं नाही. "यापुढे जपून," एवढं म्हणून ते आत गेले.

दोनच दिवसांनी एक गृहस्थ घाईत आला. "ती कानाची पावडरवाली बाटली द्या. मुलगा रडतोय घरी."

"चिठ्ठी?"

"अहो, मागच्या वेळी तुम्हीच दिली होती की!"

"संपली," आत्या म्हणाली.

"संपली कशी? ती काय तुमच्या मागे!" त्यानं बोट दाखवलं. तिच्या खांद्यामागेच खोकी रचलेली होती, नाव मोठ्या अक्षरात.

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. त्यातलं एक हसलं. आत्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "आहे," ती म्हणाली, "पण चिठ्ठीशिवाय देणार नाही." का, ते सांगायला तिला जमलं नाही. गृहस्थ चिडून गेला आणि समोरच्या दुकानातून बाटली घेऊन, ती मुद्दाम तिला दिसेल अशी धरून, परत गेला. पुन्हा एकदा खोटं बोललो, तेही धड नाही, म्हणून ती दिवसभर स्वतःला खात राहिली.

खरं सांगायला तिला आणखी महिना लागला. पहिल्यांदा सांगितलं ते एका तरुण आईला. ती रडकुंडीला आली होती, कडेवर पोर. आत्या काउंटरच्या बाहेर आली आणि म्हणाली, "बाई, माझ्या भाचीला मी असंच दिलं होतं. तिचा कान जाता जाता राहिला. मी चालते तुमच्याबरोबर, दोन गल्ल्यांवर डॉक्टर आहेत." आणि खरोखर चालत गेली. मालक आतून बघत राहिले. नंतर ती असं पुष्कळदा म्हणाली. काही जण ऐकत, काही जण दुसऱ्या दुकानात जात. दर वेळी बोलताना मान खाली जाते, ते काही सवयीनं सोपं झालं नाही, असं ती सांगते. 'अर्धी डॉक्टर' कुणी म्हटलं तर ती सरळ म्हणते, "तसं म्हणू नका."

तीन महिन्यांनी भिंगरीच्या कानाची तपासणी झाली. कानांना मोठे हेडफोन लावून, आवाज आला की हात वर करायचा. काचेपलीकडे आत्या उभी होती. उजव्या कानाला भिंगरीचा हात वर जायला किंचित वेळ लागत होता, पण जात होता. जवळजवळ ठीक, असं सांगितलं. त्यानंतर आणखी काही महिन्यांनी नळी आपोआप गळून पडली, पडदा जुळून आला, आणि "आँ?" म्हणणं हळूहळू बंद झालं.

वर्षानंतर, शाळेत जायला लागलेल्या भिंगरीचा कान पुन्हा दुखला. या वेळी डावा. ताप नव्हता. भावजय मुलीला घेऊन डॉक्टरांकडे गेली आणि जाताना म्हणाली, "ताई, येता?" वर्षात पहिल्यांदा.

डॉक्टरांनी बघितलं, पडदा थोडा लाल आहे म्हणाल्या. आधीचं सगळं त्यांच्या लक्षात होतं. "दुखण्याचं औषध द्या. उद्या सकाळी मला पुन्हा दाखवा. ही दुसरी चिठ्ठी आहे, मी सांगितलं तरच औषध आणायचं." चिठ्ठी भावजयीनं आपल्या पर्समध्ये ठेवली. आत्यानं चिठ्ठीकडे नुसतं बघितलंही नाही.

संध्याकाळी मुलगी कळवळायला लागली. भावजयीचा धीर सुटला. पर्समधून चिठ्ठी काढून ती म्हणाली, "ताई, आणा ना बाटली. दुकान उघडं आहे. तुमच्या एका शब्दाचं काम आहे."

आत्यानं हात मागे घेतले. "मला विचारू नकोस गं. मी काय सांगणार? त्यांना विचार." आणि डॉक्टरांचा नंबर लावून फोन भावजयीच्या हातात दिला.

डॉक्टरांनी विचारलं, ताप आहे का, कानामागे सूज आहे का, पाणी पितेय का. भावजयीनं एकेक बघून सांगितलं. दुखण्याचं औषध पुढच्या वेळेला द्या आणि थांबा, असं उत्तर आलं. मग दोघी मुलीच्या दोन बाजूंना बसल्या. भावजयीनं औषध बिनसुईच्या पिचकारीत घेऊन मोजलं, तिच्यावरची रेघ उजेडाकडे धरून बघितली, आणि आत्यापुढे धरली. आत्यानंही बघितली. मान हलवली.

सकाळी भिंगरी उठली ती भूक लागली म्हणत. डॉक्टरांनी पुन्हा बघितलं, ठीक आहे म्हणाल्या. चिठ्ठी लागणार नाही.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर भावजयीनं चिठ्ठी फाडली. मुलीच्या बुटाची नाडी बांधायला ती खाली वाकली आणि तशीच वाकून म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही हो म्हणाला असता ना, ताई..."

"हो," आत्या म्हणाली. "म्हणायला हवं होतं."

भावजयीनं नाडीची गाठ घट्ट केली. "चला," ती म्हणाली, "शाळेला उशीर होतोय हिला." आणि मुलीचा एक हात स्वतः धरून दुसरा आत्याकडे दिला.